१५० तासांचा हिशोब : बाळंतपण करणाऱ्या सिस्टरच्या प्रशिक्षणाला खर्च किती, आणि तो भरायचा कोणी?

वढू बुद्रुक, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यात बाळंतपण करणाऱ्या सिस्टर एकाच प्रकारच्या नाहीत. उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणजे एएनएम असते, प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सहायिका म्हणजे एलएचव्ही, ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका. नगर रस्त्यालगतच्या खासगी नर्सिंग होममध्ये बारा-बारा तासांची ड्युटी करणारी जीएनएम असते. पदं वेगळी, पगार वेगळे, पण शिक्षण संपल्यावर सगळ्यांसमोर एकच प्रश्न उभा राहतो. नोंदणी चालू ठेवायची आणि हात तयार ठेवायचा, तर त्याला पैसे किती लागतात, दिवस किती जातात, आणि हा भार कोणी उचलायचा? हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. त्यांना कामावर ठेवणाऱ्यांसाठी आणि ज्या घरात बाळंतपण आहे त्या घरासाठीही आहे.

थोडक्यात

- भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी करायचं असतं. त्यासाठी ५ वर्षांत १५० तासांचं निरंतर शिक्षण दाखवावं लागतं, म्हणजे वर्षाला ३० तास.
- ६ तासांची एक कार्यशाळा धरली तर वर्षाला ५ दिवस होतात.
- सरकारी सेवेतील सिस्टरला शासकीय प्रशिक्षणाचं शुल्क भरावं लागत नाही.
- खासगी नोकरीतील सिस्टरचा खर्च दोन गोष्टींवर ठरतो : कोणती कार्यशाळा निवडली, आणि त्या दिवसाचा पगार मिळाला की कापला गेला.
- शेवटच्या वर्षी धावपळ करणारीला सगळ्यात जास्त खर्च येतो.

वढूमध्ये हा विषय नवा नाही

पुण्याच्या केईएम रुग्णालयाची सुरुवात १९१२ मध्ये एका लहान प्रसूतिगृहातून झाली. त्याच रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढूला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. शहरातल्या मोठ्या दवाखान्याची ताकद गावातल्या बाईपर्यंत पोहोचवायची, हा त्यामागचा विचार होता. ती पोहोचवण्याचा मार्ग होता प्रशिक्षणाचा. गावातल्याच माणसांना आरोग्य कार्यकर्ते म्हणून शिकवलं गेलं. १९९३ मध्ये डॉ. कोयाजींना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००२ पासून वढूसह २२ गावांत जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवण्याचं काम सुरू झालं. वढूचं शिर्डी साईबाबा ग्रामीण रुग्णालय याच परंपरेतलं.

माणसं शिकवली तर गावाचं आरोग्य सुधारतं, हे या गावाने पाहिलं आहे. म्हणून शिकवण्याचा खर्च सिस्टरची खासगी बाब समजून सोडून देणं या पट्ट्याला तरी शोभत नाही.

आधी काय शिकायचं ते ठरवा

खर्चाचा हिशोब मांडण्याआधी गरज ओळखा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के जन्म दवाखान्यात होतात. ही मोठी मिळकत आहे, पण तिची दुसरी बाजू सिस्टरच्या हातांवर दिसते. बाळंतपणं मोठ्या दवाखान्यांकडे गेली तशी लहान केंद्रांतली संख्या घटली. ज्या उपकेंद्रात महिन्यातून एखादंच बाळंतपण होतं, तिथल्या सिस्टरला गंभीर रक्तस्राव कित्येक महिने पाहायलाही मिळत नाही. आणि तो येतो तेव्हा पूर्वसूचना देऊन येत नाही. म्हणून सरावाची सोय मुद्दाम करावी लागते. पैसा आणि वेळ कमी असेल तर पुढच्या क्रमाने शिका.

१. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत देणं, वार पूर्ण पडली का ते तपासणं, गर्भाशय घट्ट आहे का ते हाताने पाहणं, ही रोजची कामं. पण रक्त किती गेलं याचा नजरेने बांधलेला अंदाज बहुतेक वेळा कमी निघतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत झालेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बाईखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिक पिशवी ठेवून रक्त मोजलं गेलं आणि ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू केले गेले. गंभीर रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारे प्रसंग ६० टक्क्यांनी कमी झाले. ज्या सिस्टरचं शिक्षण १५ वर्षांपूर्वी झालं, तिच्या पुस्तकात हे नाही.

२. न रडणारं बाळ. जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटात बाळाला श्वास मिळायला हवा. अंबू बॅगचा मास्क चेहऱ्यावर नीट बसवणं वाचून येत नाही. शिकलेला हातही काही महिन्यांत विसरतो.

३. झटके. रक्तदाब वाढलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवायचं. शासनाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांनी हा अधिकार एएनएमलाही दिला आहे. अधिकार कागदावर असतो, पण सराव नसला की हात थांबतो.

४. कळांची नोंद. पार्टोग्राफ बाळंतपण झाल्यावर भरायचा कागद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आणली. जुना तक्ता भरणाऱ्यांनी ती एकदा शिकून घ्यावी.

५. बोलणं आणि वागणं. सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगावच्या कारखान्यांमुळे परप्रांतातली कुटुंबं इथे राहतात. बाळंतिणीजवळ आई नाही, सासू नाही, मराठी येत नाही. आधीच्या तपासण्यांचे कागद दुसऱ्या राज्यात राहिलेले. अशा बाईशी धीराने बोलणं, तिच्याकडून माहिती काढून घेणं, तिच्यावर न ओरडणं हेही कौशल्य आहे आणि ते शिकवता येतं.

सिस्टर शिकली तर काय होतं याचं उत्तर आपल्या सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्यानेच दिलेलं आहे. तिथे एएनएमनी बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. १,६२० बायकांचा हा अभ्यास २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आला. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं होतं. गोळी स्वस्त होतीच, पण ती योग्य क्षणी देणारा हात शिकलेला होता.

शुल्क न भरता काय मिळतं?

सरकारी सेवेत, कंत्राटी असलात तरी, आधी ही दारं ठोठावा.

- कुशल प्रसूती सहायक प्रशिक्षण, म्हणजे एसबीए : २१ दिवस. प्रत्यक्ष लेबर रूममध्ये बाळंतपणं करून घेतली जातात. हे झालं नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी हेच मागा.
- नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम, एनएसएसके : २ दिवस. २००९ पासून सुरू. न रडणारं बाळ, ऊब, स्तनपान हे विषय.
- दक्षता : ३ दिवस. बाळंतपणाच्या वेळची तपासणी यादी आणि तातडीची कौशल्यं.
- कौशल्य प्रयोगशाळा, म्हणजे स्किल लॅब : ६ दिवस. पुतळ्यांवर सराव.
- २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात तुमचं रुग्णालय असेल तर लेबर रूममध्येच होणारे सराव.

मार्ग असा : वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी द्या. मागणीत तुमचं शेवटचं प्रशिक्षण कोणत्या वर्षी झालं ते लिहा. तोंडी विनंती हवेत राहते, तारीख असलेला अर्ज फाइलला लागतो. प्रशिक्षणं जिल्हा पातळीवर, औंधच्या जिल्हा रुग्णालयात किंवा पुण्याच्या आरोग्य व कुटुंब कल्याण प्रशिक्षण केंद्रातून लावली जातात. आदेश निघाल्यावर तो काळ ड्युटी म्हणून धरला जाईल, प्रवास व दैनिक भत्ता मिळेल, हे आदेशात लिहिलेलं आहे का ते पाहा. २१ दिवसांसाठी जाताना उपकेंद्र कोण सांभाळणार आणि घरी लहान मूल असेल तर त्याचं काय, या दोन गोष्टी अर्ज देतानाच ठरवा. बहुतेक वेळा प्रशिक्षण याच कारणांनी हुकतं.

मोबाइलवरही बरंच काही विनामूल्य आहे. ‘सेफ डिलिव्हरी’ या अॅपमध्ये तातडीच्या प्रसंगांचे व्हिडिओ आणि औषधांची माहिती आहे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ आहे. केंद्र शासनाच्या ‘स्वयम’वर अभ्यासक्रमाला नोंदणी विनामूल्य असते, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेचं शुल्क भरावं लागतं. रात्रीच्या ड्युटीवर मिळणाऱ्या अर्ध्या तासात एक व्हिडिओ नीट पाहता येतो. मात्र स्क्रीनवर ज्ञान वाढतं, हात तयार होत नाही. पाहिलेलं दुसऱ्या दिवशी सहकारी सिस्टरसमोर करून दाखवा.

एका दिवसाचा खरा खर्च

खासगी दवाखान्यातल्या सिस्टरचा हिशोब मांडू. वढूहून पुण्यात एका दिवसाच्या कार्यशाळेला जायचं आहे. कार्यशाळेचं शुल्क आयोजकानुसार बदलतं, हिशोबासाठी ५०० रुपये धरू. मासिक पगार १५,००० रुपये धरला तर दिवसाचे ५०० होतात. तुमचे आकडे वेगळे असतील, ते या जागी घाला.

- कार्यशाळेचं शुल्क : ५०० रुपये
- वढू ते कोरेगाव भीमा शेअर रिक्षा, येऊन-जाऊन : ४० रुपये
- कोरेगाव भीमा ते पुणे एसटी, अर्धं तिकीट, येऊन-जाऊन : ६० रुपये
- शहरातला प्रवास : ३० रुपये
- चहा, जेवण : १२० रुपये
- कापला गेलेला पगार : ५०० रुपये
- एकूण : १,२५० रुपये

एसटीचं अर्धं तिकीट कसं? १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना ५० टक्के सवलत आहे. जानेवारी २०२५ च्या दरवाढीत साध्या गाडीचा दर ६ किलोमीटरच्या टप्प्याला १० रुपये ५ पैसे झाला. कोरेगाव भीमा ते पुणे सुमारे ३० किलोमीटर म्हणजे ५ टप्पे, पूर्ण तिकीट ५० रुपयांच्या आसपास आणि महिलेला त्याच्या निम्मं. वर थोडं जास्तच धरलं आहे. ही सवलत एसटीची आहे, पीएमपीच्या बसला लागू नाही. त्यामुळे नगर रस्त्यावर एसटीची वाट पाहणं परवडतं.

वर्षाचे पाचही दिवस असेच काढले तर ६,२५० रुपये होतात आणि ५ वर्षांत ३१,२५०. त्यातले १२,५०० रुपये निव्वळ कापलेल्या पगाराचे.

आता दुसरी मांडणी पाहा. पाचपैकी ३ दिवस जवळच्या, विनाशुल्क कार्यक्रमांतून काढले, प्रवासाला दिवसाचे ६० रुपये लागले आणि डबा घरचा नेला, तर १८० रुपये. उरलेले २ दिवस पुण्यात, ते दिवस दवाखान्याने ड्युटी म्हणून धरले, तर दिवसाचे ७५० प्रमाणे १,५०० रुपये. वर्षाला १,६८० आणि ५ वर्षांत ८,४०० रुपये. दोन्ही वाटांनी तास तेवढेच भरतात. २२,८५० रुपयांचा फरक आधी केलेल्या आखणीने आणि मालकाच्या एका होकाराने पडतो.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

१. या कार्यक्रमाला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? किती तास मिळणार? हे पत्रकावर छापलेलं आहे का? ऑनलाइन अभ्यासक्रमाबाबत हा प्रश्न हमखास विचारा.
२. प्रत्यक्ष सराव किती वेळ? दिवसभर फक्त भाषणं असतील तर पैसे रक्तस्राव किंवा नवजात बाळाच्या कार्यशाळेसाठी राखून ठेवा.
३. एका पुतळ्यामागे किती जणी? हातात बॅग किती वेळा येणार?
४. प्रमाणपत्राची मुदत किती? अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस प्रमाणपत्राची मुदत २ वर्षं असते, म्हणजे तो खर्च पुन्हा येणार.
५. शुल्कात जेवण, पुस्तिका, प्रमाणपत्र धरलं आहे का?
६. येता आलं नाही तर पैसे परत मिळतात का?

हजर न राहता पैसे घेऊन प्रमाणपत्र देणारं कोणी भेटलं तर त्याच्यापासून लांब राहा. त्या कागदाने नोंदणी टिकेल, पण रात्री दोन वाजता निळं पडलेलं बाळ हातात आलं तर तो कागद उपयोगाचा नाही. शिवाय खोटा कागद उघड झाला तर आधीची सगळी वर्षं संशयात जातात.

प्रत्येक प्रमाणपत्राचा फोटो त्याच दिवशी काढा. एका वहीत तारीख, विषय, आयोजक, तास आणि खर्च लिहा. नूतनीकरणाच्या वेळी ही वही शोधाशोध वाचवते.

मोठा अभ्यासक्रम : १८ महिन्यांची गुंतवणूक

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने मिडवाइफरी सेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आला. तो नोंदणीकृत जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्या, बाळंतपणाचा अनुभव असलेल्या सिस्टरसाठी आहे. सर्वसाधारण बाळंतपण पूर्णपणे सांभाळू शकणारी सिस्टर तयार करणं हा त्याचा हेतू. जगात ९ लाख मिडवाइफची कमतरता असल्याचं २०२१ च्या जागतिक अहवालाने सांगितलं आहे, त्यामुळे या वाटेला पुढे मागणी राहणार.

इथे शुल्कापेक्षा १८ महिन्यांचं उत्पन्न महत्त्वाचं. १५,००० रुपये पगार धरला तर नोकरी सोडून शिकणारीचे २,७०,००० रुपये बुडतात. म्हणून आधी चार गोष्टी लेखी विचारा : शासनाकडून पाठवलं जाणार का, त्या काळात पगार चालू राहणार का, परत आल्यावर लेबर रूममध्येच नेमणूक मिळणार का, आणि किती वर्षं सेवेचा बाँड आहे. शिकून आलेल्या मिडवाइफची बदली दुसऱ्याच विभागात झाली तर तिचे कष्ट आणि सरकारचा पैसा दोन्ही वाया जातात.

हा खर्च कोणी उचलायचा?

खासगी दवाखान्याने. वर्षाचे ५ दिवस ड्युटी म्हणून धरायचे, तर एका सिस्टरमागे आपल्या उदाहरणातले २,५०० रुपये होतात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फॉग्सी’ या संघटनेचा ‘मान्यता’ उपक्रम खासगी प्रसूतिगृहांसाठी १६ निकष ठेवतो आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण त्याच्या केंद्रस्थानी आहे. यात उतरलेल्या दवाखान्यात सिस्टरला शिकायला बाहेर कमी जावं लागतं. नोकरी धरताना पगाराबरोबर शिक्षणाचे दिवस किती, हेही ठरवून घ्या.

कारखान्यांनी. कायद्याच्या मर्यादेत बसणाऱ्या मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि आरोग्यसेवा त्या यादीत आहे. रांजणगाव-सणसवाडीतल्या कामगारांच्या बायकाच इथल्या लेबर रूममध्ये येतात. कंपन्यांनी मिळून शिरूर तालुक्यासाठी सरावाचे पुतळे घेतले आणि ते एका ग्रामीण रुग्णालयात सगळ्यांसाठी खुले ठेवले, तर सरकारी आणि खासगी दोन्हीकडच्या सिस्टरना पुण्याच्या फेऱ्या कमी होतील.

ग्रामपंचायतीने आणि रुग्ण कल्याण समितीने. ग्रामसभेत रस्ता आणि दिवाबत्तीचे प्रश्न येतात तसा एक प्रश्न हाही यावा : आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरचं एसबीए प्रशिक्षण झालं आहे का, आणि नसेल तर कधी होणार? गावाने विचारलं की आदेश लवकर निघतात.

आणि दर आठवड्याला १० मिनिटांचा सराव सगळ्यांना परवडतो. ड्युटी बदलताना दोघींनी मिळून अंबू बॅग आणि मास्क तपासायचा, बाहुलीवर एकदा श्वास देऊन पाहायचा. रक्तस्रावाच्या ट्रेमधली औषधं मोजायची, ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलं आहे का ते बघायचं. याला शुल्क नाही, रजा नाही, आणि शिकलेलं टिकवण्याचा याहून भरवशाचा उपाय नाही.

घरच्यांनी काय विचारावं?

सातव्या महिन्यातच दवाखान्यात शांतपणे विचारा : रात्री बाळंतपण झालं तर लेबर रूममध्ये कोण असतं? बाळाला श्वास देण्याचं प्रशिक्षण त्यांनी कधी घेतलं? रक्तस्राव झाला तर कुठे पाठवता, १०८ ची गाडी की दवाखान्याची? प्रश्न आदराने विचारा. चांगल्या सिस्टरला याचा राग येत नाही. उलट तिच्या प्रशिक्षणाची मागणी मालकासमोर ठेवायला तिला बळ मिळतं.

या महिन्यात करायचं काम

नोंदणीची मुदत कधी संपते ते पाहा आणि आजवर भरलेले तास मोजा. उरलेले तास उरलेल्या वर्षांत वाटून घ्या. एसबीए किंवा एनएसएसके राहिलं असेल तर याच आठवड्यात अर्ज द्या. खासगी नोकरीत असाल तर डॉक्टरांसमोर वर्षाच्या ५ दिवसांचा हिशोब कागदावर मांडा. बाळंतपण सुखरूप झाल्याचा लाभ आईला, बाळाला, दवाखान्याला आणि गावाला मिळतो. त्यासाठी लागणाऱ्या शिक्षणाचा खर्च एकट्या सिस्टरच्या पगारातून जाणं न्याय्य नाही. ही मागणी ठामपणे करा, कारण ती रास्त आहे.